चार काट्यांवर वहिनी

माझ्या भावाला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उठते आहे की नाही ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हे नाव मीच ठेवलं आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. लहानपणी घरातलं कॅलेंडर खिळ्यावर जरासं तिरकं लटकलं तरी याचा जीव खालीवर व्हायचा. पाहुणे बोलत असायचे, वडील डोळे वटारत असायचे, आणि हा मधूनच उठून कॅलेंडर सरळ करून यायचा. आई म्हणायची, "याच्या बायकोचं काही खरं नाही. भांग वाकडा पडला तर हा तिला पुन्हा आरशासमोर उभी करील."

मोठेपणी त्याने या खोडीचाच धंदा केला. वेगात पळवायच्या गाड्यांचा सांगाडा, स्प्रिंगा, चाकं आणि टायर जुळवून देणं हे त्याचं काम. इंजिनाला तो हात लावत नाही. "पळायला काय, कोणतीही गाडी पळते," असं त्याचं म्हणणं. "वळणावर रस्ता धरून ठेवायचा असतो, आणि तोही चार तळव्यांएवढ्या जागेत." टायर जमिनीला टेकतो ती जागा खरंच तेवढीच असते, हाताच्या तळव्याएवढी. आमच्या शेडच्या एका भागात त्याचं काम चालतं आणि दुसऱ्यात माझं. मी टायर काढते, चढवते, चाकं तोलून देते, हवा भरते. म्हणून गिऱ्हाइकं मला हवाताई म्हणतात. डोक्यात हवा आहे म्हणून म्हणतात, असं दादा म्हणतो. गुळगुळीत झालेले टायर घेऊन कुणी आलं की मी गोड बोलत बसत नाही. "टायर नंतर बघू, आधी मृत्युपत्र करून या," म्हणते. माणसं चिडतात, पण टायर बदलून जातात.

दादा वर्तमानपत्राचा मथळासुद्धा पुरा वाचत नाही, तेव्हा मी लिहिते आहे हे त्याच्या हाती पडायचा धोका कमी. धोका म्हणते आहे, कारण यात एक गोष्ट अशी आहे की ती त्याला कळली तर हा माणूस उभा राहणार नाही. ती मला माहीत आहे. ज्या बाईने मला सांगितली ती आता नाही. पण कुठेतरी ओतल्याशिवाय मलाही राहवत नाही.

शेडमधली त्याच्या बाजूची जमीन पाहण्यासारखी आहे. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने उंची जुळवत, घासून घासून ती त्याने स्वतः सपाट केली. त्या जमिनीवर चार चपटे वजनकाटे मांडायचे, प्रत्येक चाकाखाली एक, आणि गाडी त्यांच्यावर उभी करायची. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड असला की टेबल डुगडुगतं, तसंच गाडीचं. फरक एवढाच की गाडी ते उभी असताना दाखवत नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर दाखवते. पुढचं एक चाक आधी अडकतं आणि गाडी तिरकी होते. म्हणून प्रत्येक स्प्रिंगखालची चकती थोडी वर, थोडी खाली फिरवत चारी चाकांवरचा भार जुळवायचा असतो. तोही चालवणारा आत बसलेला असताना, कारण त्याचं वजन एकाच बाजूला पडतं.

दुसरे लोक सीटवर तेवढ्या वजनाची वाळूची पोती ठेवतात. दादाला पोती चालत नाहीत. "पोतं पाय कुठे ठेवतं? पोतं मान कशी धरतं?" असं तो विचारतो. त्याला गाडीत माणूसच लागतो, हात स्टिअरिंगवर, खांदे सैल, गप्प. मग तो एकेक काटा वाचून मोठ्याने आकडा सांगतो, मी खडूने जमिनीवर लिहिते आणि काम झालं की पुसून टाकते.

वहिनी पहिल्यांदा भेटली ती अशीच त्या सीटवर. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. आठवडाभर नवशिक्यांच्या शेजारी बसून "हळू, अजून हळू" म्हणायचं आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर जाऊन सगळा दाबून ठेवलेला वेग सोडून द्यायचा, असा तिचा क्रम. तिथे हौशी मंडळी घड्याळ लावून गाड्या पळवतात. ब्रेकवर गाडी ओढते अशी तक्रार घेऊन ती आली. दादाने गाडी तपासली, तिला आत बसवलं, आकडे पाहिले आणि म्हणाला, "गाडी ठीक आहे. तुम्ही वाकड्या बसता."

"दिवसभर शेजारच्या सीटवरून ब्रेकवर पाय ठेवून बसा," वहिनी म्हणाली, "मग बघू तुम्ही किती सरळ राहता ते."

त्याला तोंडावर उत्तर देणारी मी सोडून ही पहिलीच. माझं राज्य संपलं हे मला तिथेच कळलं. सहा महिने तो तिची गाडी जुळवत राहिला. इतके दिवस लागतात अशी ती गाडीच नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "दादा, आता तिला विचार तरी, नाहीतर स्प्रिंगा झिजतील." त्याने विचारलं. तिने हो म्हणताना अट घातली, भांग वाकडा पडला तरी आरशासमोर उभं करायचं नाही. हे तिला आईने सांगितलं होतं, दुसरं कोण सांगणार.

त्यांना मूल झालं नाही. होती ती एक पिवळी, जुनी, दोन दारांची गाडी, आणि तिचे लाड असे चालायचे की बघणाऱ्याला हसू यावं. दादाने पुढच्या दोन स्प्रिंगांच्या मधे आडवी पट्टी टाकून सांगाडा ताठ केला. चाकं वरून किंचित आत झुकवली, म्हणजे वळणावर टायर पुरता टेकावा. मग त्याला वजनाचं वेड लागलं. मागची सीट गेली, जादा चाक गेलं, पायाखालचा गालिचा गेला. लोखंडी चाकांच्या जागी हलकी चाकं आली. ती आली त्या दिवशी हा माणूस एक चाक एका हातात, दुसरं दुसऱ्या हातात घेऊन शेडभर नाचला. या खेळात तसंच असतं. गाडीतून मूठभर वजन कमी करायला माणसं जिवाचं रान करतात. मी विचारायची, "आता काय काढणार? टायरमधली हवा?" वहिनी म्हणायची, "नाही, नवरा काढणार. तो फार जड आहे."

तर अशा माणसांच्या घरात जी चूक होऊ शकते तीच झाली.

नवा हंगाम तोंडावर आला होता. गाडी काट्यांवर होती, वहिनी आत बसली होती, मी खडू घेऊन उकिडवी बसले होते. दादाने चार आकडे सांगितले, मनात बेरीज केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. बेरीज कमी येत होती. त्याने आधी पेट्रोल पाहिलं. ते नेहमीएवढंच होतं. मग काट्यांवर संशय घेतला. गाडी खाली उतरवून, ठाऊक असलेली वजनं एकेका काट्यावर ठेवून पाहिली. काटे खरं बोलत होते. मग त्याने गाडीतून आपण काय काढलं ते आठवून पाहिलं. काहीच काढलं नव्हतं. आणि मग तो खिडकीत वाकला, वहिनीकडे पाहिलं आणि एकदम टाळी वाजवली.

"अगं, तू वाळलीस! सात किलो! मी दोन वर्षं चाकं बदलतोय, सीटा उपटतोय, आणि हिने गुपचूप सात किलो काढले!"

त्याने तिला दारातून उचलून बाहेर काढलं आणि तिला घेऊन गाडीभोवती फेरी मारली. मीही खडूचा हात झाडून टाळ्या वाजवल्या. "वहिनी, कसं केलंस ते मलाही सांग," म्हटलं. वहिनी हसत होती. जरा उशिरा हसली, पण हसली. "ड्रायव्हरही गाडीचाच भाग आहे ना," म्हणाली. दादाने तिच्या नव्या वजनावर चकत्या फिरवून भार जुळवून दिला आणि त्या हंगामात पहिल्याच दिवशी तिने आयुष्यातली सगळ्यांत वेगवान फेरी मारली. लोक येऊन पाठ थोपटत होते. तिची नाही, दादाची.

पुढच्या वेळी गाडी काट्यांवर चढली तेव्हा अजून चार किलो कमी होते. दादा खूष झाला, पण टाळी वाजवली नाही. "आता पुरे हं," म्हणाला. "आता पोटभर जेवत जा." ती म्हणाली, "जेवते की." त्याने पुन्हा चकत्या फिरवल्या. त्याचं सगळं प्रेम त्या चकत्यांतूनच जायचं. बायको हलकी झाली की त्याचा हात आधी पान्याकडे गेला, हे आज आठवलं की मला कुठेतरी डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

मग एक दिवस शिकवताना, शेजारच्या सीटवरच तिची शुद्ध गेली. गाडी चालवत होती एक नवशिकी मुलगी. तिने न घाबरता गाडी कडेला घेतली, म्हणजे वहिनीने शिकवलं चांगलंच होतं. दवाखान्यात तपासण्या झाल्या. पोटात गाठ होती आणि ती पोटापुरती राहिली नव्हती. डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं आणि मग ते वाक्य बोलले, जे बोलायला नको होतं: "वजन उतरायला लागलं तेव्हाच आला असतात तर बरंच काही करता आलं असतं."

दादा खुर्चीतून उठला आणि भिंतीवरची एक चौकट सरळ करायला लागला. ती सरळच होती. तरी तो तिला कडेकडेने ढकलत राहिला, शेवटी मी त्याचा हात धरून खाली घेतला.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "सगळ्यांच्या आधी मला दिसलं गं. डॉक्टरच्याही आधी. किलोत दिसलं. आणि मी टाळी वाजवली."

मी म्हटलं, "मीही वाजवली." माझ्या म्हणण्याने त्याला काही फरक पडला नाही. पण एका गोष्टीचा त्याने आधार धरला होता, आणि ती तो पुन्हा पुन्हा बोलून दाखवायचा: आम्ही नवराबायको दोघेही फसलो. तिलाही कळलं नाही, मलाही कळलं नाही. दोघे मिळून मूर्ख ठरलो. या "दोघे मिळून"वर तो कसाबसा उभा होता.

उपचार झाले. त्यांनी वहिनीला दिलं थोडं आणि घेतलं फार. जरा बरं वाटत होतं अशा एका आठवड्यात ती म्हणाली, "मला एकदा धावपट्टीवर जायचंय. एकच फेरी." मी कडाडून विरोध केला. दादा सरळ शेडमध्ये गेला आणि चार काटे मांडले.

ती सीटवर बसली. बसली कसली, सीटमध्ये हरवली. दादाने तिच्या पाठीमागे उशी घातली, पट्टे आवळले, मग एकेक काटा वाचायला वाकला. मी खडू धरून थांबले. त्याने पहिला आकडा सांगितला, आणि माझं तोंड उघडंच राहिलं. मी त्याच्या शेजारीच होते, मला काटा दिसत होता. त्याने सांगितलेला आकडा काट्यावर नव्हता. तो जुना होता, पहिल्या टाळीच्याही आधीचा. त्याने चारही आकडे तसेच सांगितले, ठणठणीत आवाजात, आणि मी तसेच लिहिले. मग तो पान्याने चकत्या फिरवत बसला. बराच वेळ फिरवत बसला. जुन्या आकड्यांना इतकं फिरवावं लागलं नसतं.

पट्टीवर तिने एकच फेरी मारली, पण मारली मनापासून. टोकाच्या वळणाआधी ब्रेक दाबला तेव्हा मी डोळे मिटले. आवाज फक्त टायरचा आला, एकसारखा. गाडी परत आली, तिने काच खाली केली आणि दादाला जवळ बोलावलं.

"ब्रेकवर केसभरसुद्धा तिरकी झाली नाही," ती म्हणाली. "आकडे खोटे सांगितलेस आणि चकत्या खऱ्या फिरवल्यास."

दादा म्हणाला, "तुझ्याशी खोटं बोललो तर तू रागावशील. गाडीशी बोललो तर ती तुला मारील."

मग त्याने खिडकीतून डोकं आत घातलं आणि तिच्या खांद्यावर ठेवलं. मी पाठ फिरवली आणि टायरची हवा तपासत बसले. हवा ठीक होती. मी रडत होते.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी ती माझ्या बाजूला येऊन बसली होती, नव्या टायरांच्या चळतीवर, अंगाभोवती दादाचं जाकीट गुंडाळून. दादा पलीकडे कुणाच्या तरी गाडीखाली होता. ती खालच्या आवाजात म्हणाली, "हवाताई, तुला एक सांगते. कुणाला तरी सांगून जायला हवं."

आणि तिने सांगितलं. त्या पहिल्या दिवशी, टाळीच्या दिवशी, तिला माहीत होतं. पोटात दुखत होतं म्हणून ती एकटीच डॉक्टरकडे जाऊन आली होती. लक्षण बरं नाही, घरच्यांना घेऊन लगेच पुढच्या तपासणीला या, असं तिला सांगितलं होतं. ती सकाळी मनाशी ठरवून शेडमध्ये आली होती की काट्यांचं काम आटोपलं की त्याला बाजूला घेऊन सांगायचं.

"आणि त्याने मला उचललं," ती म्हणाली. "तू पाहिलंस ना त्याचा चेहरा? मला वाटलं, आजचा दिवस राहू दे, उद्या सांगू. मग शर्यत आली. मग लोक त्याची पाठ थोपटायला लागले. प्रत्येक उद्याला काहीतरी होतंच. आणि खरं सांगू? तो इतका आनंदात होता की मलाही वाटायला लागलं, कदाचित मी नुसतीच वाळले असेन."

मला तिचा राग आला. मरायला टेकलेल्या बाईचा मला राग आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. मी म्हटलं, "शिकणाऱ्यांना ओरडतेस ना, शंका आली की ब्रेक दाबा म्हणून?"

"ओरडते," ती म्हणाली. मग माझा काळा, रबराचा वास येणारा हात तिने हातात घेतला. "त्याला हे कधी कळू देऊ नकोस. मला कळलं नव्हतं असंच त्याला वाटू दे. नाहीतर त्याला वाटेल की त्याच्या टाळीने माझं तोंड बंद केलं."

"केलंच ना," मी म्हटलं.

"केलं," ती म्हणाली. "म्हणूनच."

फार दिवस काढले नाहीत तिने. ती गेल्यावर दादा कामाला आला, कारण काम सोडून दुसरं काय करावं हे त्याला माहीतच नाही. पण त्याचं काम बदललं. कुणी सीटवर बसलं आणि मागच्या वेळेपेक्षा किलोभर जरी कमी भरलं तरी तो पाना खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी डॉक्टरकडे जाऊन या, मग गाडी करू." गिऱ्हाइकं हसायची. काही मुकाट जायची. त्याच्या मागची हकिकत आता सगळ्यांना ठाऊक होती.

मागच्या महिन्यात एक जण आला, धिप्पाड, गप्पिष्ट, नेहमीचाच. तो बराच हलका भरला. दादाने पाना ठेवला. तो माणूस म्हणाला, "अहो ओळंबाशेठ, मी मुद्दाम कमी केलंय. आणि आजाराचंच म्हणाल तर आतून काही बिनसलं की ज्याचं त्याला आधी कळतं हो. शरीर सांगतंच माणसाला." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मला मात्र हातातली पकड त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली.

दादाने त्याची गाडी केली. पण त्या दिवशी डबा उघडला नाही, दुसऱ्या दिवशी आणलाच नाही. घरी विचारलं तर "भूक नाही" म्हणाला. त्याची पँट कमरेवरून घसरायला लागली. याला आता कोणत्या काट्यावर उभं करू, हा विचार मी करत होते, आणि तो स्वतःच माझ्या बाजूला आला. मी एक चाक तोलण्याच्या यंत्रावर चढवत होते. तो चळतीला टेकून उभा राहिला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू तिच्याजवळ खूप बसायचीस शेवटी."

"विचार."

"तिला तेव्हा माहीत नसेल ना गं? त्या पहिल्या वेळी. मी टाळी वाजवली तेव्हा."

मी आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून टायर चांगला आहे असं सांगितलेलं नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याला असं बघितलं की खोटं लगेच दिसतं, कारण त्याला वाकडं काहीही लगेच दिसतं. तरी बघितलं.

"वेडा आहेस का?" मी म्हटलं. "कसं माहीत असेल? कळलं असतं तर तिने सगळ्यांत आधी तुलाच सांगितलं असतं."

 मग त्याचे खांदे खाली आले, आणि त्याने तोंडावरून हात फिरवला.

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. "मला सांगितल्याशिवाय ती राहिलीच नसती." आणि भूक लागली म्हणत तो जेवायला घरी गेला.